बाई, तुमची गाडी ओरडतेय!



दोन आठवड्यांपूर्वी याच पानावर मी तुम्हांला दोन प्रश्न विचारले होते. पहिला, तुमच्या घरी कोणती गाडी आहे? आणि दुसरा, ती सांभाळतं कोण? तुमच्या पत्रांचा हा एवढा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. वाचताना खूप मजा आली. कुणाच्या घरी बुलेट आहे, कुणाच्या अंगणात आजोबांची लुना अजून उभी आहे, तर कुणाच्या बाबांनी नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. रंग कोणता, पळते किती, हॉर्न कसा वाजतो, सगळं सगळं तुम्ही लिहिलंत. एका मुलीनं तर गाडीचं चित्र काढून पाठवलंय, अगदी नंबरप्लेटसकट!

पण एक गंमत सांगू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी दिलं. दुसऱ्याचं मात्र फार थोड्यांनी. बऱ्याच जणांनी लिहिलंय, "बाबा चालवतात." अरे, चालवतं कोण हे मी विचारलंच नव्हतं! सांभाळतं कोण, असं विचारलं होतं.

मी रागावले नाही हं. कारण हाच प्रश्न मला वर्षभरापूर्वी कुणी विचारला असता, तर मीही "मी चालवते" असंच म्हटलं असतं. त्याची शिक्षा मला चांगली भोगावी लागली. ती हकिकत आज सांगणार आहे. सांगायला थोडी लाज वाटते. पण वर्गात चूक कबूल करा म्हणून तुम्हांला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं, हे काही बरं नाही. होय ना?

अण्णांची वही

आमचं घर जतला. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. इथून थोडं पुढं गेलं की कर्नाटक लागतं. त्यामुळं आमच्याकडं कित्येक माणसं घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलतात. पाऊस कमी आणि अंतरं लांबलांब. या वाडीवरून त्या वाडीवर जायचं तर गाडी हवीच. दूध घालायला गाडी, दवाखान्याला गाडी, शाळेला गाडी आणि यल्लम्माच्या जत्रेलाही गाडी. त्यामुळं गाडीबद्दल ज्याला काहीच मत नाही, असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही!

माझे वडील, म्हणजे अण्णा, एस.टी.त नोकरीला होते. त्यांनी 1989 साली, माझ्या जन्माच्या वर्षी, एक येझडी मोटारसायकल घेतली. आई गमतीनं म्हणते, "त्या वर्षी घरात दोन पोरी आल्या. एक रडायची, एक धूर सोडायची!"

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी जुनी येझडी पाहिली नसेल, म्हणून थोडी ओळख करून देते. या गाडीचं मूळ चेकोस्लोव्हाकिया देशात. तिथं फ्रांटिशेक यानेचेक नावाच्या गृहस्थांनी 1929 साली मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. त्यांच्या आडनावाची रोमन लिपीतली पहिली दोन अक्षरं आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावाची पहिली दोन अक्षरं जोडून नाव तयार झालं, जावा. पुढं 1960 च्या दशकात म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं ती आपल्या देशात बनवायला घेतली आणि काही वर्षांनी तिचं नाव येझडी झालं. म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझडी ही नावं घेऊन नव्या गाड्या बाजारात आल्या खऱ्या, पण जुन्या गाड्यांचे शौकीन काही कमी झाले नाहीत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुणे, बंगळूरसारख्या शहरांत ते आपापल्या गाड्या पुसूनपासून एकत्र जमतात.

जुन्या येझडीची एक खासियत होती. तिची किक आणि गिअरची दांडी एकच! दांडी आत दाबून उभी केली की किक, पुढं आडवी केली की गिअर. दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. आणि पेट्रोल भरताना त्यात ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण 30 ते 40 मिली. का बरं? तर हे इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर आत येणारं ऑइलच त्याच्या पिस्टनला वंगण देतं आणि मग पेट्रोलबरोबर जळूनही जातं. म्हणून अशा गाडीच्या मागं निळसर धूर दिसायचा.

आता अण्णांच्या वहीबद्दल. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर देवाचं नाव, त्याखाली गाडीचा नंबर. आत रकाने आखलेले. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, केलेलं काम, आणि शेवटचा रकाना 'आवाज'. हो, आवाज! "पुढच्या चाकातून किरकिर", "चढाला टकटक", "आज गोड", अशा नोंदी. लहानपणी मला वाटायचं, अण्णा गाडीचं प्रगतिपुस्तकच लिहितात.

रविवारी सकाळी अण्णा चटईवर पाने मांडून बसायचे. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, चेनवर ऑइल सोडायचं, नटबोल्ट एकेक करून हातानं चाचपायचे. अधूनमधून सायलेन्सरच्या आतली नळी काढून जाळात भाजायची, म्हणजे आत बसलेली काजळी निघून जाते. मी शेजारी बसून पाने हातात द्यायची. दहा-अकराचा पाना कोणता आणि बारा-तेराचा कोणता, हे मला पाढ्यांआधी पाठ झालं होतं. एवढं असूनही पुढं जे झालं ते झालंच!

मिस्त्रीमामांचा कट्टा

अण्णांची संध्याकाळ अजूनही एका गॅरेजपुढच्या बाकावर जाते. गॅरेज ज्यांचं, त्यांना सगळे मिस्त्रीमामा म्हणतात. घरी कन्नड बोलणारा माणूस. कुणी गाडी घेऊन आलं आणि घडाघडा तक्रार सांगायला लागलं की ते हात वर करून म्हणतात, "केळ्री, केळ्री!" लहानपणी मला वाटायचं हे केळी मागतायत. पण कन्नडमध्ये 'केळ्री' म्हणजे 'ऐका'. आधी गाडी सुरू करायची, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि तिचं ऐकायचं, असा त्यांचा नियम.

या बाकावर रोज एकच वाद चालतो. गाडी जुनी चांगली की नवी? मी कितीतरी वेळा हा वाद ऐकलाय. तुम्हीही ऐका.

अण्णा म्हणतात, "जी आपल्या हातानं उघडता येते, ती आपली गाडी. रस्त्यात बंद पडली तर प्लग पुसला, पॉइंट साफ केला, की निघालो. आताच्या गाड्या बंद पडल्या की फोन करत बसायचं."

आमच्या शाळेतले सर लगेच म्हणतात, "अण्णा, बंद पडली तर ना! माझी गाडी बटण दाबलं की सुरू. मला गाडी चालवायचीय, तिची पूजा नाही मांडायची." सरांचंही खरंच आहे. देशात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नावाचे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोलचा नेमका फवारा सोडणारी यंत्रणा आली. किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. धूर कमी, पेट्रोलही कमी. आणि हे काही आज एकदम झालं नाही. 1985 साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-100 आली, तेव्हाच लिटरला पन्नासच्या आत पळणाऱ्या गाड्यांच्या मालकांचे डोळे विस्फारले होते.

दूधवाल्या काकांचं मत आणखी निराळं. त्यांच्याकडं बजाजची जुनी एम-एटी आहे. तिचं उत्पादन केव्हाच थांबलंय, पण दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती अजून रोज धावते. ते म्हणतात, "जुनी-नवी मला काय करायचं? पहाटे पाचला सुरू होती का न्हाई, एवढंच बघायचं. दूध काय माझ्यासाठी थांबतंय?"

आणि वडापवाले दादा! वडाप म्हणजे माणसांची ने-आण करणारी जीप, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नकोच. ते म्हणतात, "मी गाडी स्वतः धुतो. दुसऱ्याला धुवू देत न्हाई. हात फिरवला की कळतंय, कुठं ऑइल गळतंय, कुठला नट ढिला झालाय. धुणं म्हंजे तपासणी हाय."

चारचाकीचा विषय निघाला की अण्णा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गोष्ट काढतात. ती टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या तोंडी फियाट. तिची कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, 1944 साली. हे उद्योगपती आपल्या शेजारच्या सोलापूरचे, आणि सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटली, तरी शेवटच्या काही टॅक्सी चालूच होत्या. वयोमर्यादेच्या नियमामुळं ऑक्टोबर 2023 अखेर त्यांनी मुंबईचे रस्ते सोडले. विचार करा, दिवसरात्र भाड्यानं फिरणारी गाडी वीस वर्षं टिकते आणि आपल्याकडची रविवारी फिरणारी सहा वर्षांत भंगारात जाते. का?

यावर मिस्त्रीमामा काय म्हणाले, ते ऐका. "जुनी चांगली न्हाई, नवी पण चांगली न्हाई. जिचा मालक ऐकतो ती चांगली. केळ्री!"

तेव्हा मी हसून मान डोलावली होती. आणि घरी निघाले होते, कुठल्या गाडीवर? जी रोज ओरडत होती आणि जिचं मी ऐकत नव्हते, त्या माझ्या गाडीवर.

चौथीतला डॉक्टर

माझी शाळा जतपासून अठरा किलोमीटर लांब, एका वाडीवर. पहिली ते चौथीचे वर्ग आणि आम्ही दोघंच शिक्षक. मी रोज स्कूटरनं जाते. स्कूटर 2016 ची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मागच्या चाकातून 'च्यीं' असा आवाज यायला लागला. ब्रेकची दांडीही जास्त दाबावी लागायची. मी काय केलं असेल? वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडून ब्रेकचा नट आवळून घेतला. ब्रेक लागायला लागला, मी खूश! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नट आवळला. अण्णा दोनदा म्हणाले, "अगं, मिस्त्रीला दाखव." मी म्हटलं, "दाखवते हो रविवारी." रविवार आले आणि गेले. आमचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मी मुलांचं नाटक बसवत होते. कागदी मुकुट, दाढ्या, जुन्या साड्यांचे शेले, सगळी तयारी जोरात चालली होती.

एके दिवशी सकाळी मी शाळेत पोहोचले, गाडी लावली, तोच चौथीतला एक मुलगा जवळ आला. सुटीत तो जतला मामाकडं राहतो, आणि त्याचा मामाही गॅरेजातच कामाला आहे. तो हळूच म्हणाला, "बाई, तुमची गाडी ओरडतेय."

"अरे, गाडी कधी ओरडते होय?"

"व्हय बाई. मागचं लायनर संपलंय. लोखंडाला लोखंड घासतंय."

बाकीची मुलं खो खो हसली. आणि मुलांनो, मीही हसले. वर म्हटलं, "आधी सतराचा पाढा पाठ कर, मग मिस्त्री हो!"

तो काही बोलला नाही. खाली बघत वर्गात गेला.

त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी, जानेवारीत, शाळेच्या अलीकडं एक उतार आहे तिथं मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. माडग्याळी मेंढ्या, त्या लांब कानांच्या आणि उंच पायांच्या. मी मागचा ब्रेक दाबला. दांडी पार मुठीला टेकली, गाडीचा वेग काही कमी होईना. घाबरून मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी तोवर रस्त्याच्या कडेच्या मुरमावर गेली होती. सुट्या मुरमावर पुढचं चाक अडकलं, घसरलं, आणि मी खाली!

मेंढपाळ आजोबांनी धावत येऊन मला उठवलं, पाणी दिलं, गाडी उभी केली. त्यांच्या एकाही मेंढराला लागलं नाही, हे नशीब. माझं डावं मनगट मोडलं. हेल्मेटवर उजव्या बाजूला एक लांब ओरखडा उमटला होता. तो मी अजून पुसलेला नाही. हेल्मेट नसतं तर तो कुठं उमटला असता, ते सांगायला नको.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. एकटे सर चार वर्ग सांभाळत होते. आणि नाटक? ते रद्द झालं. कागदी मुकुट कपाटावर तसेच राहिले. दवाखान्याचा खर्च झाला तो वेगळाच. आणि हे सगळं कशासाठी? तर ब्रेकच्या नव्या शूंसाठी. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि खर्च पाचशे रुपयांच्या आतला!

ब्रेकच्या आत काय असतं?

हात बरा झाल्यावर मी मिस्त्रीमामांकडं गेले आणि मागचं चाक उघडायला लावलं. म्हटलं, मला बघायचंय. तुम्हांलाही सांगते.

चाकाच्या मधोमध एक गोल डबा असतो. तो ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. त्यांच्या पाठीवर एक खरखरीत पट्टी चिकटवलेली असते, ती लायनर. तुम्ही ब्रेक दाबला की केबल ओढली जाते, दोन्ही शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि लायनर ड्रमला घासतं. घासलं की चाक हळू होतं. गाडीच्या वेगाची उष्णता होते. म्हणून लांब उतारानंतर ड्रम तापलेला असतो.

आता खोडरबर आठवा. प्रत्येक वेळी खोडताना रबर थोडं झिजतं ना? लायनर तसंच. ते जसं झिजेल तसा केबलच्या टोकाचा नट आवळत जायचं. पण एक दिवस रबर संपतं. मग कितीही दाबा, खोडलं जात नाही, कागद फाटतो! माझ्या गाडीचं तेच झालं. नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळून झाला होता. लायनर संपून शूचं धातूचं अंग ड्रमला घासत होतं. 'च्यीं' आवाज त्याचाच होता. म्हणजे त्या चौथीतल्या मुलानं अगदी बरोबर निदान केलं होतं.

तो झिजलेला शू मिस्त्रीमामांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, नट आवळणं म्हंजे ताप आल्यावर थर्मामीटर फोडणं."

दुसऱ्या दिवशी मी तो शू शाळेत नेला. सगळ्या वर्गासमोर उभी राहिले आणि त्या मुलाला म्हटलं, "तू बरोबर सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही, आणि वर तुला हसले. माझं दोन्ही चुकलं."

वर्ग एकदम गप्प. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई, मी हळू बोललो. मोठ्यानं सांगायला पायजे होतं. मग तुमी पडला नसता."

मुलांनो, सहा आठवडे हा मुलगा मनात काय घेऊन बसला होता, ते मला तेव्हा कळलं. मनगटापेक्षा ते जास्त दुखलं. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, तू सांगितलंस. तुझं काम झालं होतं. ऐकणं हे माझं काम होतं."

एक छोटं गणित

मग आम्ही वर्गात एक गणित केलं. तुम्हीही करा. गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर आहे. म्हणजे 3,600 सेकंदांत 40,000 मीटर. एका सेकंदात किती? साधारण 11 मीटर! समोर मेंढरू दिसल्यापासून ब्रेकवर बोट दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढं गेलेली असते. आम्ही टेपनं मोजलं, आमच्या दोन वर्गखोल्या मिळूनही तेवढ्या लांब नाहीत. आणि ब्रेक तर अजून लागायचाच आहे!

आणखी एक गोष्ट. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, ते साधारण चौपट होतं. म्हणून वेगानं जाणाऱ्या गाडीला ब्रेक तर अगदी ठणठणीत हवा.

दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबत न्यायचे, आणि खडीवर किंवा मुरमावर पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नाही, हेही मी पडल्यावर नीट शिकले. एप्रिल 2019 पासूनच्या दुचाकींना यासाठी मदत मिळते. छोट्या गाड्यांत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, मोठ्या गाड्यांत चाक अडकू न देणारी यंत्रणा असते. पण लायनरच नसेल तर ती बिचारी यंत्रणा तरी काय करणार? इलेक्ट्रिक गाडीला प्लग लागत नाही, इंजिन ऑइल लागत नाही. पण ब्रेक आणि टायर तिलाही लागतातच, बरं का!

एका पत्राला उत्तर

तुमच्यातल्या एका सातवीतल्या मुलानं अभिमानानं लिहिलंय, "बाई, मी बाबांची गाडी चालवतो. आता पाय पण टेकतात."

राजा, पाय टेकले म्हणजे गाडी येते असं नाही. गिअरची गाडी चालवायला वयाची 18 वर्षं पूर्ण लागतात. बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या छोट्या गाडीलासुद्धा 16. तू हुशार आहेस, हात चांगला बसला असेल, पण अचानक मेंढरं आडवी आल्यावर काय होतं, ते मी तुला आत्ताच सांगितलं. मी तर तुझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी, आणि माझ्याकडं लायसन्सही होतं!

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. 2019 साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मुलाला पुढं 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायद्याच्या भीतीनं नको, त्याच्यासाठी म्हणून किल्ली खिशात ठेवा. त्याला गाडीची हौस आहे ना? मग किल्लीऐवजी फडकं द्या, पाना द्या, वही द्या. हौस तिथंही भागते. आणि तो काही सांगायला आला तर आधी ऐकून घ्या.

करून पाहा : पाच मिनिटांची तपासणी

हे रविवारी करायचं. घरातलं मोठं माणूस जवळ हवंच. गाडी बंद, किल्ली काढलेली, गाडी मधल्या स्टँडवर. नुकतीच फिरून आलेली असेल तर सायलेन्सरला हात लावायचा नाही. आणि चेन फिरत असताना बोट जवळ न्यायचं नाही, म्हणजे नाहीच.

1. टायर. खिळा, काच, चीर आहे का बघा. हवा किती हवी ते गाडीच्या पुस्तकात किंवा चेनच्या कव्हरवर लिहिलेलं असतं.

2. टायरचा वाढदिवस! टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे शोधा. समजा 2319 लिहिलंय, तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. तुमच्या टायरचं वय किती?

3. ब्रेक. दांडी दाबून बघा. मुठीला टेकते का? केबलच्या टोकाचा नट पार शेवटपर्यंत आवळलेला आहे का? असेल तर मिस्त्रीकडं, आजच!

4. दिवे. पुढचा, मागचा, ब्रेकचा, चारही इंडिकेटर. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं बघायचं. यासाठी किल्ली मोठ्या माणसानं लावायची.

5. आवाज. मोठ्या माणसानं गाडी सुरू करायची, बाकीच्यांनी लांब उभं राहून डोळे मिटायचे आणि ऐकायचं. नवा आवाज आला तर लिहून ठेवायचा.

आणि हो, सगळं एका वहीत लिहायचं. मला अण्णांनी कोरी दोनशे पानी वही दिलीय. रकाने त्यांनी स्वतः आखून दिलेत. शेवटचा रकाना कोणता, ते तुम्हांला माहीत आहेच!

आमच्या शाळेत आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाड्यांची तपासणी असते. चौथीतला तो मुलगा आता पाचवीला दुसऱ्या गावात जातो. पण शनिवारी येताना वाट वाकडी करून आमच्या फाटकाशी थांबतो. गेल्या शनिवारी त्यानं माझी गाडी तपासली, वहीत सही केली आणि म्हणाला, "बाई, तुमची बरी आहे. पण सरांच्या नव्या गाडीची चेन ढिली झालीय. त्यांना तुम्हीच सांगा, मला ते हसतील."

मी म्हटलं, "नाही हं. तूच सांग. आणि मोठ्यानं सांग!"

यंदा स्नेहसंमेलनात ते राहिलेलं नाटक होणार आहे. मुकुट थोडे चुरगाळलेत, पण चालतील. त्याची गंमत पुन्हा कधीतरी. तोवर तुमच्या गाडीची वही सुरू करा, आणि टायरचं वय मला पत्रानं कळवायला विसरू नका. सगळ्यांत म्हातारा टायर कुणाकडं निघतो, ते बघू या!

तुमच्या,
बाई